आईला काय आवडायचं?

दहाव्याला कावळा शिवेना.

हत्तरसंग कुडलला, भीमा-सीनेच्या संगमावर, पिंड ठेवून आम्ही पाऊण तास उभे होतो. लिंबाच्या झाडावर चार-पाच कावळे होते. एखादा खाली उतरायचा, दोन उड्या मारत पानाजवळ यायचा आणि परत फांदीवर जाऊन बसायचा. मग अशा वेळी जे चालतं ते सुरू झालं. मामा हात जोडून म्हणाले, "नातीच्या लग्नाची काळजी करू नकोस, आम्ही आहोत." काकांनी बांधाचा वाद मिटवायचं कबूल केलं, तो अजून मिटलेला नाही. शेवटी गुरुजींनी विचारलं, "मातोश्रींना आवडायचं ते ठेवलंय ना पानावर?"

पानावर कडक भाकरी होती, शेंगाचटणी होती, पुरणपोळी, धपाटं, भरली वांगी. सगळं आई उत्तम करायची. पण यातलं तिला काय आवडायचं? मी ताईकडे बघितलं, ताईनं माझ्याकडे. दोघांचं वय मिळून एक्क्याण्णव. एवढ्या वर्षांत हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता, आणि आम्ही आईला विचारला नव्हता. गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि आम्ही गाडीत बसून सोलापूरला परत आलो. रस्ताभर कोणी काही बोललं नाही.

श्रावणात एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. 'आईच्या हातची चव' असा विभाग करतोय, पंधराशे शब्द द्या. मी एका बैठकीत लिहून टाकला. अशा लेखाचा साचा हाताशी तयारच असतो. पहाटेची चूल, धूर, बांगड्यांची किणकिण, तव्यावरून थेट ताटात आलेली भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा आणि सरतेशेवटी 'ती चव आता कुठेच मिळत नाही'. लिहिताना माझे डोळे भरून आले, म्हणजे लेख चांगला झाला अशी माझी समजूत झाली. ताईला वाचायला पाठवला. रात्री तिचा फोन.

"हे तू तुझ्या ताटाबद्दल लिहिलायस की. आई कुठाय यात?" आणि जरा थांबून, "आणि आपल्या घरात लोणी कधी होतं रे?"

लोणी नव्हतं. ते मी कुठल्या तरी दुसऱ्याच्या लेखातून उचललं होतं, आणि उचललंय हे मला कळलंही नव्हतं.

आई-वडील गेल्यावर त्यांच्या हातच्या जेवणाबद्दल लिहायची चाल आता आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. मातृदिनाच्या पुरवण्या, दिवाळी अंक, फेसबुक, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आत्याचे लांबलचक मजकूर. त्या लिहिण्याला माझा विरोध नाही. दुःखाला तोंड फुटायला काहीतरी हाताला लागावं लागतं आणि पदार्थ पटकन हाताला लागतो. माझी तक्रार आहे ती बसण्याच्या जागेबद्दल. यातलं बहुतेक लेखन जेवणाऱ्याच्या पाटावर बसून केलेलं असतं. त्यात गेलेलं माणूस शोधू गेलं तर वाढणारा हात तेवढा मनगटापर्यंत दिसतो, पुढे कोणी नाही. ही फक्त लेखनातली खोड असती तर मी गप्प बसलो असतो. पण तिची किंमत जिवंत बायका मोजतात, निदान आमच्या सोलापुरात तरी.

ते सांगायचं तर आधी आईच्या धंद्याबद्दल सांगायला हवं.

वडील गिरणीत होते. नव्वदच्या दशकात त्यांची गिरणी बंद पडली, भोंगा थांबला. वडिलांनी पुढे यंत्रमागावर मिळेल ती पाळी केली. आईनं कडक भाकऱ्या करायला घेतल्या. तिचं माहेर अक्कलकोटकडचं. तिकडे घरोघरी या भाकरीची चळत फडक्यात बांधून ठेवलेली असते, महिनाभर टिकते. एका व्यापाऱ्याला ती भाकऱ्या घालायची, मजुरी शेकड्यावर. आम्ही शाळेत जाताना ती परातीपुढे बसलेली असायची आणि शाळेतून आलो की उठत असायची.

ज्वारी तिला मालदांडीच लागायची. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आईला त्याचं काही नव्हतं. दुसऱ्या ज्वारीला चिकटपणा कमी पडतो आणि पातळ थापताना कड फाटते एवढं तिच्या बोटांना ठाऊक होतं. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे हा चिकटपणा, जाते, म्हणून दर तीन दिवसांनी ताजं दळण. आधणाच्या पाण्यात पीठ मळायचं, थापायची, वरून पाण्याचा हात फिरवून तव्यावर टाकायची, उलटायची आणि मग दुसऱ्या मंद आचेवर फडक्याच्या बोळ्यानं दाबत दाबत वाळवायची. घाई केली की मध्ये मऊ राहते, दोन दिवसांत बुरशी धरते आणि व्यापारी अख्खा गठ्ठा परत पाठवतो. परत आलेला गठ्ठा आम्ही खायचो. म्हणजे मी 'आईच्या हातची भाकरी' म्हणून ज्याचे गोडवे गायले, ती बऱ्याचदा नापास झालेली भाकरी होती. पास झालेली लोक खात.

तिची एक वही आहे, शाळेची शंभर पानी, कव्हर फाटलेलं. आत तारीख आणि आकडा. १२०. १४०. १२०. ९०. १५०. आईला चौथीपर्यंत शिक्षण होतं, पण तिनं दुसरं काही लिहून ठेवलेलं नाही. पानंच्या पानं आकडे. मधूनच एखादा शून्य. ताई आणि मी बसून शून्यांचा माग काढला. एक वडील गेले तो दिवस. एक माझ्या दहावीच्या निकालाचा. काही ताईच्या बाळंतपणातले. काहींचा पत्ता लागत नाही. आणि दर जानेवारीत एक शून्य न चुकता, सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या अक्षता सोहळ्याचा. त्या दिवशी ती सकाळी संमती कट्ट्याकडे अक्षता टाकायला जायची आणि संध्याकाळी गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या मैदानावर. गड्ड्यावर तिला पाळणा नको, भजी नको. तिला मौत का कुआँ बघायचा असायचा. लाकडी विहिरीच्या कठड्याला घट्ट धरून ती खाली फिरणाऱ्या मोटारसायकलकडे बघायची आणि एकदा पुरलं नाही तर दुसरं तिकीट काढायची. माझ्या पंधराशे शब्दांत हे कुठेही नव्हतं. भाकरीच्या लेखात मोटारसायकल कुठे बसवायची?

आता हातांबद्दल. रेशन दुकानात अंगठ्याचं यंत्र आलं तेव्हा आईचा अंगठा उठेना. दुकानदारानं ओल्या फडक्यानं पुसायला सांगितलं, मग दुसरं बोट, मग डाव्या हाताचं. दहाही बोटं झाली. वर्षानुवर्षं गरम पीठ मळून आणि तापलेल्या तव्यावर हात फिरवून बोटांवरच्या रेघा झिजून गेल्या होत्या. ती दुकानदारालाच म्हणाली, "भाकरीत गेला बघा अंगठा." रांगेतले लोक हसले, तीही हसली. तीन महिने धान्य मिळायला त्रास झाला, मग माझ्या बोटावर काम भागलं. मला तेव्हा यंत्राचा राग आला होता. आज 'आईच्या हातची चव' ही पाटी वाचली की मला ती दहा बोटं आठवतात.

आणि ती पाटी आमच्या गावात जागोजागी आहे. नवी पेठेत जा, मधल्या मारुतीजवळ जा, एसटी स्टँडच्या आसपास बघा. 'घरगुती' शेंगाचटणी, 'घरगुती' कडक भाकरी, 'आईच्या हातची चव'. पुण्याला परत निघालेली पोरं पिशव्या भरभरून नेतात. पाकिटातली भाकरी खरोखरच कोणाच्या तरी आईनं थापलेली असते, यात खोटं काही नाही. पण पाटीवर 'आई' आली की मजुरीचा विषय निघणं अवघड होतं. मी स्वतः दुकानात उभं राहून ऐकलंय, "घरगुतीच आहे ना, मग एवढे का?" हॉटेलच्या बिलावर असं कोणी बोलत नाही. घरगुती म्हणजे मायेचं आणि मायेला कसले आलेत पैसे, हा हिशेब आपल्या डोक्यात कुठून आला? मला वाटतं, थोडा आमच्यासारख्यांच्या लेखांतून. बाईचं राबणं ही तिच्या प्रेमाची रीत आहे असं दर दिवाळीला छापून आलं, की शेकड्याला पाच रुपये वाढवून मागणारी बाई हावरट ठरते. आईनं एकदा मागितले होते. व्यापारी तिला म्हणाला, "मावशी, तुम्ही तर अन्नपूर्णा."

घरातल्या रांधण्याचंही तेच, फक्त तिथे शेकड्याचा भावही नाही. २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७ मिनिटं. पाच तासांना आपण 'चव' म्हणतो.

कौतुकाचे शब्दसुद्धा कसे आहेत बघा. 'सुगरण' हा मराठीत बाईला मिळणारा मोठा मान. त्याच नावाचा पक्षी आहे, झाडाला टांगलेली सुरेख घरटी विणणारा. आपण 'सुगरणीचा खोपा' म्हणतो, पण खोपा विणतो नर. विणकरांच्या गावात राहून ही गोष्ट मला चाळिशीत कळली. काम नराचं असलं तरी नाव बाईच्या अंगाला चिकटलेलंच; जिथे काम बाईचंच आहे तिथे तर विचारायलाच नको.

कोणी म्हणेल, आपल्याकडे चुलीपुढून बोलण्याची परंपराच नव्हती, मग लेखकांना दोष कशाला? पण तशी परंपरा होती आणि भरपूर होती. जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात आई आहे, आईचं मरण आहे, माहेर तुटणं आहे, आणि हे सगळं दळता दळता म्हटलेलं आहे. तिथे दुःख आणि दळण एकाच दमात येतं. खुंट्याला हात असताना कोणाला 'ती चव' म्हणून उसासे टाकायला सवड नसते. दळणाऱ्या बाईला पायलीचा अंदाज असतो, खांदा भरून आलेला असतो आणि भावानं न्यायला यावं असं वाटत असतं. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, ते बरंच झालं. आई तर गिरणीवाल्याला दुवा द्यायची. पण दळण थांबल्यावर अन्नावर बोलायचं काम आम्हा जेवणाऱ्यांकडे आलं, आणि आम्ही लोणी घातलं.

यावर आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. माझा एक जुना मित्र म्हणाला, "आई जाऊन वर्ष नाही झालं, आणि तू मजुरीचे दर काढून बसलायस? माणूस गेल्यावर गोडच आठवावं." सुतकात, पहिल्या सहा महिन्यांत, कोणी काय आठवावं आणि कसं रडावं याचे नियम मी करणार नाही. आई गेली त्या संध्याकाळी आमच्याकडे चूल पेटली नाही. गल्लीतल्या बायकांनी रीतीप्रमाणे पिठलं-भाकरी आणली. घरात दोन डबे पीठ, दोनशे भाकऱ्यांची ऑर्डर अर्धी झालेली, व्यापाऱ्याचा फोन वाजतोय, आणि भाकरी करणारीच्या घरी बाहेरून भाकरी आलेली. तो घास मी खाल्ला आणि मला वाटलं, आईचीच आहे. तेव्हा मला कोणी दर सांगितले असते तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं. कडू घासाला हिशेब लावू नये.

पण चार लोकांसमोर छापायला दिलेला मजकूर म्हणजे सुतकातलं रडणं नाही. तो वाचून दुसरा कोणी आपल्या आईकडे बघणार असतो. आणि खरं सांगायचं तर गोड आठवणीत मला आईही सापडली नव्हती. माझे डोळे भरून आले होते ते आमच्या घरी कधी नव्हत्याच अशा लोण्यासाठी.

आणखी एक खड्डा आहे, त्यात मी दुसऱ्या खेपेला पडलो. ताईच्या फोननंतर मी लेख फाडून नवा लिहिला, आणि त्यात आई 'कष्टाळू माउली' झाली. धूर, खोकला, झिजलेली बोटं, बंद गिरणी. ताईनं तोही परत पाठवला. "आता तू तिला गरीब केलास." तिचं बरोबर होतं. आईला तिच्या भाकरीचा ताठा होता. झालेली भाकरी ती दारात उन्हाला धरायची आणि पलीकडचा विजेचा खांब दिसला तरच चळतीवर ठेवायची. शेजारणीची भाकरी जाड आहे हे तिला रस्त्यावरून कळायचं आणि ती ते बोलून दाखवायची. वडिलांना न सांगता तिनं भिशी लावली होती, त्यातून शिलाई मशीन घेतलं आणि ते न वापरता चार वर्षांनी नफ्यात विकलं. भाजी बिघडली की ती आमच्यावर ओरडायची. काही दिवस ती नुसतीच गप्प असायची. का, ते आम्ही विचारलं नाही. पाटावर बसून लिहिलं काय किंवा तिची कीव करत लिहिलं काय, ही बाई दोन्हीकडून सुटते.

मग लिहावं कसं? माझ्याकडे याचं काही शास्त्र नाही, एक खटपट तेवढी आहे. पदार्थाचं वर्णन करायच्या आधी थांबावं आणि आठवून बघावं: सगळ्यांचं झाल्यावर ती किती वाजता जेवायची, कुठे बसायची, भांड्यात काय उरलेलं असायचं, आणि त्यातलं ती आवडीनं काय घ्यायची. आठवलं तर लेख तिथून सुरू करावा. आठवलं नाही तर तसं लिहावं. मला आठवलं नाही, आणि तिसऱ्या खेपेला मी तेच लिहिलं, वहीतल्या आकड्यांसकट. संपादक भले माणूस. त्यांनी विचारलं, आकडे काढता येतील का, अंक दिवाळीचा आहे. मी म्हटलं, दिवाळीत तिचे आकडे सगळ्यात मोठे असायचे. लेख छापून आला नाही, तो त्यांचा अधिकार.

वडिलांबद्दलही कोणी असंच लिहायला लागलं तर तिथेही हेच म्हणेन. पण बापाच्या हातची चव कोणी फारशी आठवत नाही, तेव्हा तो प्रश्न तूर्त नाही.

कुडलचा उल्लेख आला म्हणून एक सांगतो. तिथल्या देवळात शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे. त्याची शेवटची ओळ 'वाछि तो विजेया होईवा' अशी वाचली गेली आहे. जो वाचेल तो विजयी होईल. दहाव्याच्या दिवशी आम्ही त्याच आवारातून गेलो आणि कोणाला ती ओळ बघायचं सुचलं नाही. घरी येऊन वहीचे आकडे वाचायलाही आम्हाला आठ महिने लागले.

आईला काय आवडायचं हे शेवटी घरातून कळलं नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला अक्का राहते. तेलुगू बोलणारं विणकराचं घर, शहराच्या पूर्व भागातून तीस वर्षांपूर्वी इकडे आलेलं. अक्का बिड्या वळायची, आई भाकऱ्या थापायची, दोघींची ओळख पाण्याच्या नळावरची. दिवाळीनंतर मी सहज तिच्याकडे बसलो असताना ती म्हणाली, "तुमची आई दुपारी माझ्याकडं यायची की. चारू-भात खायला." चिंचेचं पाणी, लसूण, कढीपत्ता, मोहरीची फोडणी. घरी भाताचा दाणा दिसला तर "भातानं पोट भरतंय होय?" म्हणणारी माझी आई रोज दुपारी चार घरं पलीकडे जाऊन भात खात होती. अक्का हसून म्हणाली, "भाकरीचा वास नको म्हणायची."

ज्वारीवर तीस वर्षं काढलेल्या बाईला ज्वारीचा वास नको होता. मी घरी येऊन ताईला फोन केला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "कृती विचारून ठेव."

मार्गशीर्षात वर्षश्राद्ध झालं. ताईनं सकाळी उठून अक्काला बोलावून घेतलं आणि चारू केला. मामांनी पानाकडे बघून विचारलं, "हे काय नवीन?" ताईनं उत्तर दिलं नाही. भात पत्रावळीवर वाढला, वर चारू ओतला. तो पातळच असतो. पत्रावळीच्या टाक्यांतून गळून खाली फरशीवर ओघळ गेला आणि गुरुजींनी सोवळं आवरून घेतलं. अक्का दारातून बघत होती. ती आत आली, ओट्यावरची एक स्टीलची वाटी उचलली आणि ताईच्या हातात दिली.

"वाटीत द्या ओ. वाटीनं प्यायची ती."